क्रेग सांतोस पेरेझ

क्रेग सांतोस पेरेझ (जन्म : १९८०, मोंगमोंग, गुआम) हे चामोरू वंशाचे कवी, साहित्यसंशोधक, संपादक आणि अध्यापक आहेत. पश्चिम प्रशांत महासागरातील गुआम बेटाचा वसाहतकालीन इतिहास, तेथील लष्करीकरण, स्थलांतर, पर्यावरण आणि चामोरू लोकांची अस्मिता हे त्यांच्या लेखनाचे प्रमुख विषय आहेत. ‘फ्रॉम अनइन्कॉर्पोरेटेड टेरिटरी’ या शीर्षकाखाली २००८ पासून प्रसिद्ध होत असलेल्या काव्यमालिकेमुळे ते ओळखले जातात. या मालिकेतील पाचव्या पुस्तकाला २०२३ चा अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार (काव्य) मिळाला.

मालिकेतील पहिली तीन पुस्तके पेरेझ यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परिसरात पीएच.डी.चे विद्यार्थी असताना प्रसिद्ध केली. त्यांचे प्रबंधलेखन आणि काव्यलेखन एकाच काळात झाले आणि दोन्ही एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. स्वतःची भाषा, जमीन आणि नौकाविद्या यांपासून तीन शतके तोडल्या गेलेल्या समाजाची ओळख कशाच्या आधारे ठरवावी, हा तो प्रश्न होय.

नाव आणि उच्चार

‘चामोरू’ हे मारियाना द्वीपसमूहातील मूळ रहिवाशांचे व त्यांच्या भाषेचे नाव आहे. या नावातील ‘च’चा उच्चार मराठीतील ‘चाक’ किंवा ‘चमचा’ या शब्दांतील दंत्य ‘च’सारखा होतो. स्पॅनिश वळणाचे ‘चामोरो’ हे रूप दीर्घकाळ प्रचलित होते. रोमन लिपीत लिहिताना ‘च’साठी वापरली जाणारी दोन अक्षरे चामोरू वर्णमालेत एकच वर्ण मानली जातात. म्हणून अलीकडील लेखनपद्धतीत ही दोन्ही अक्षरे मोठ्या लिपीत लिहितात. चामोरू भाषेत गुआम बेटाला ‘ग्वाहान’ म्हणतात. पेरेझ आपल्या लेखनात ही दोन्ही रूपे जाणीवपूर्वक वापरतात. त्यांच्या दृष्टीने शुद्धलेखनाचा हा प्रश्न नामकरणाच्या अधिकाराशी जोडलेला आहे.

पार्श्वभूमी

गुआम हे मारियाना द्वीपसमूहातील सर्वांत दक्षिणेकडील आणि सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५४० चौरस किलोमीटर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार बेटाची लोकसंख्या सुमारे १,५४,००० होती. चामोरू लोकांचे पूर्वज सुमारे ३,५०० वर्षांपूर्वी या द्वीपसमूहात येऊन स्थायिक झाले. १५२१ मध्ये मॅगेलनची जहाजे येथे पोहोचली. १६६८ मध्ये जेझुइट धर्मप्रचारक दिएगो लुईस दे सान व्हितोरेस यांच्या आगमनाने स्पॅनिश वसाहतीची प्रत्यक्ष सुरुवात झाली. त्यानंतरच्या युद्धांत आणि साथींच्या रोगांत चामोरू लोकसंख्येची प्रचंड हानी झाली. वेगवेगळ्या बेटांवरील लोकांना मोजक्या गावांत एकत्र वसविण्यात आले. ‘साकमान’ या वेगवान शिडाच्या नौका बांधण्याची परंपरा हळूहळू लुप्त झाली.

१८९८ च्या स्पेन–अमेरिका युद्धानंतर गुआम अमेरिकेच्या ताब्यात गेले आणि तेथे नौदलाचा कारभार सुरू झाला. उत्तर मारियाना बेटे मात्र स्पेनने जर्मनीला विकली. त्यामुळे एकाच समाजाची राजकीय फाळणी झाली आणि ती आजही कायम आहे. नौदलाच्या राजवटीत शाळांतून चामोरू भाषेला मज्जाव करण्यात आला. डिसेंबर १९४१ ते जुलै १९४४ या काळात बेट जपानच्या ताब्यात होते. युद्धानंतर अमेरिकेने मोठ्या प्रमाणावर जमीन लष्करासाठी संपादित केली. आजही बेटाचा एक चतुर्थांशाहून अधिक भाग लष्कराकडे आहे.

१९५० च्या ‘ऑर्गॅनिक ॲक्ट’ या कायद्याने गुआमच्या रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले, परंतु पूर्ण राजकीय हक्क मिळाले नाहीत. तेथे राहणाऱ्या नागरिकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही, आणि अमेरिकी काँग्रेसमधील त्यांच्या प्रतिनिधीला सभागृहातील अंतिम मतदानात भाग घेता येत नाही. कायद्याच्या भाषेत गुआम हा ‘असमाविष्ट प्रदेश’ आहे. १९०१ पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या काही निकालांतून ही संकल्पना रूढ झाली. अमेरिकेच्या मालकीचा, पण अमेरिकेचा अविभाज्य भाग नसलेला प्रदेश, असा तिचा आशय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अस्वयंशासित प्रदेशांच्या यादीत गुआमचे नाव १९४६ पासून आहे. पेरेझ यांच्या काव्यमालिकेचे शीर्षक याच कायदेशीर संज्ञेवरून घेतले आहे.

जीवन आणि शिक्षण

पेरेझ यांचा जन्म गुआममधील मोंगमोंग या गावी झाला. १९९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते कुटुंबासह कॅलिफोर्निया राज्यात स्थलांतरित झाले. लष्करातील नोकरी, शिक्षण, वैद्यकीय उपचार आणि रोजगार यांसाठी गुआममधून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर होणारे स्थलांतर दुसऱ्या महायुद्धानंतर सातत्याने वाढत गेले. आज अमेरिकेच्या राज्यांत राहणाऱ्या चामोरू लोकांची संख्या गुआममधील चामोरूंपेक्षा जास्त आहे. बेटाबाहेर वाढलेल्या या पिढीचा अनुभव पेरेझ यांच्या लेखनात मध्यवर्ती आहे.

त्यांनी रेडलँड्स विद्यापीठातून पदवी घेतली. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठातून सर्जनशील लेखनातील एम.एफ.ए. ही पदव्युत्तर पदवी मिळविली. त्यानंतर बर्कली येथील वांशिक अध्ययन विभागात त्यांनी पीएच.डी.साठी प्रवेश घेतला. हा विभाग १९६९ मध्ये विद्यार्थ्यांच्या दीर्घ संपानंतर स्थापन झाला होता. विद्यापीठीय ज्ञान आणि वंचित समाजांचे लढे यांचा संबंध जोडणे हा त्याच्या स्थापनेमागील हेतू होता. पेरेझ यांना २०१५ मध्ये तुलनात्मक वांशिक अध्ययन या विषयात पीएच.डी. मिळाली. प्रबंध पूर्ण होण्यापूर्वीच, २०११ मध्ये, ते मानोआ येथील हवाई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात अध्यापक म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी सर्जनशील लेखन, पॅसिफिक साहित्य आणि पर्यावरणविषयक काव्य हे विषय शिकविले.

विद्यार्थिदशेतील लेखन आणि सार्वजनिक कार्य

बर्कलीतील वर्षांत पेरेझ यांचे लेखन तीन पातळ्यांवर चालू होते. प्रबंधासाठी ते चामोरू आणि पॅसिफिक साहित्याचा अभ्यास करीत होते, काव्यमालिकेची पुस्तके लिहीत होते आणि गुआमच्या राजकीय प्रश्नावर जाहीरपणे भूमिका मांडत होते. ऑक्टोबर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष राजकीय व निर्वसाहतीकरण समितीपुढे त्यांनी गुआमच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काविषयी निवेदन दिले. याच निवेदनाचा मजकूर पुढे त्यांनी मालिकेतील दुसऱ्या पुस्तकात समाविष्ट केला. पुस्तकात तो शब्दांवर आडवी रेघ मारलेल्या स्वरूपात छापला आहे. वाचकाला तो वाचता येतो, परंतु तो खोडलेला आहे हेही त्याच वेळी दिसते. जागतिक व्यासपीठावर बोलण्याची संधी मिळूनही ऐकले न जाण्याची स्थिती या मुद्रणातून व्यक्त होते.

२०१० मध्ये गुआमच्या विधिमंडळाने त्यांच्या साहित्यिक कार्याचा गौरव करणारा ठराव संमत केला. त्या वेळी त्यांचे शिक्षण पूर्ण झालेले नव्हते.

‘फ्रॉम अनइन्कॉर्पोरेटेड टेरिटरी’ मालिका

मालिकेतील प्रत्येक पुस्तकाला सामाईक शीर्षक असून त्यापुढे चौकटी कंसात एक चामोरू शब्द येतो. शीर्षकाच्या आरंभी येणारा इंग्रजी ‘फ्रॉम’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला आहे. एक अर्थ कवीच्या उगमस्थानाचा आहे. दुसरा अर्थ एखाद्या मोठ्या ग्रंथातील उताऱ्याचा आहे. प्रत्येक पुस्तक आणि त्यातील बहुतेक कविता हे पूर्ण न होणाऱ्या एका दीर्घ रचनेतील अंश आहेत, असे त्यातून सूचित होते. अनेक कवितामाला एका पुस्तकात संपत नाहीत. त्या पुढील पुस्तकांत पुन्हा सुरू होतात.

[हाचा] (२००८)

‘हाचा’ म्हणजे ‘एक’. पुस्तकाच्या प्रस्तावनेत नकाशांमधील गुआमच्या स्थानाचा विचार आहे. अनेक नकाशांत हे बेट दाखविलेलेच नसते किंवा केवळ एक ठिपका म्हणून येते, हे निरीक्षण पुस्तकाच्या मांडणीचा पाया आहे. कवितांमध्ये शब्द पानावर विखुरलेले असून मधली मोकळी जागा समुद्रासारखी पसरलेली दिसते.

या पुस्तकातील एका कवितामालेचे शीर्षक ‘लिसियेन्सान गालागू’ असे आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘कुत्र्याचा परवाना’ असा होतो. जपानी ताब्याच्या काळात चामोरू लोकांना अंगावर वागवाव्या लागणाऱ्या ओळखपट्टीला लोक उपहासाने हे नाव देत असत. ओळख बाहेरून लादली जाते तेव्हा तिचे स्वरूप काय असते, याचे हे प्रतीक पेरेझ यांच्या पुढील सर्व लेखनाच्या मुळाशी आहे. दुसऱ्या एका मालेचे शीर्षक ‘तालाया’ या फेकजाळ्याच्या नावावरून घेतले आहे. हा शब्द लिहिताना पेरेझ मधले ‘ला’ हे अक्षर कंसात टाकतात. कंसातील अक्षर वगळल्यास ‘ताया’ हा शब्द उरतो. चामोरू भाषेत त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा आहे. आजोबांच्या पिढीचे जाळे विणण्याचे कौशल्य आणि त्या कौशल्याचा अभाव या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात दिसतात.

[साइना] (२०१०)

‘साइना’ या शब्दात आईवडील, वडीलधारी माणसे आणि पूर्वज हे अर्थ सामावलेले आहेत. गुआममध्ये पारंपरिक नौकाविद्येच्या पुनरुज्जीवनासाठी बांधलेल्या एका साकमान नौकेलाही हेच नाव देण्यात आले होते. नौकाबांधणीचा इतिहास, तिचा लोप आणि पुनरारंभ हा या पुस्तकाचा एक धागा आहे. दुसरा धागा आजीच्या आठवणींचा आहे. त्या आठवणी असलेल्या मालेला १९५० च्या नागरिकत्वविषयक कायद्याचे नाव दिले आहे. त्यामुळे कौटुंबिक कथन आणि कायद्याची भाषा शेजारी शेजारी येतात. या पुस्तकाला २०११ मध्ये पेन सेंटर यूएसए संस्थेचा काव्य पुरस्कार मिळाला.

[गुमा] (२०१४)

‘गुमा’ म्हणजे घर. या पुस्तकापासून कवितामालांच्या शीर्षकांत इंग्रजी ‘फ्रॉम’ऐवजी त्याच अर्थाचा ‘गिनेन’ हा चामोरू शब्द येऊ लागला. मालिकेचे मुख्य शीर्षक मात्र इंग्रजीच राहिले.

पुस्तकाच्या केंद्रस्थानी गुआममधील लष्करी विस्ताराची योजना आहे. जपानमधील ओकिनावा येथून सुमारे ८,००० मरीन सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय गुआममध्ये हलविण्याचा निर्णय २००६ मध्ये झाला. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये या योजनेचा पर्यावरणीय परिणामविषयक मसुदा अहवाल प्रसिद्ध झाला. हजारो पानांच्या या अहवालावर मत नोंदविण्यासाठी नागरिकांना नव्वद दिवस देण्यात आले. प्राचीन चामोरू वस्ती असलेल्या पागात परिसरात गोळीबाराचे सराव-मैदान उभारण्याचा प्रस्ताव विशेष वादग्रस्त ठरला. अहवालावर आलेल्या नागरिकांच्या हरकतींतील मजकूर पेरेझ यांनी एका कवितामालेत गुंफला. सरकारी अहवालाच्या परिशिष्टात पडून राहिला असता असा जनतेचा आवाज त्यामुळे साहित्याचा भाग झाला.

दुसऱ्या एका मालेत ‘सिहेक’ या खंड्याच्या जातीच्या पक्ष्याचे चित्रण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मालवाहतुकीतून चुकून बेटावर आलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने गुआममधील बहुतेक स्थानिक वनपक्षी संपविले. सिहेक १९८० च्या दशकाच्या अखेरीस जंगलातून नाहीसा झाला आणि केवळ बंदिस्त प्रजननामुळे टिकून राहिला. संरक्षणासाठी पिंजऱ्यात ठेवलेला पक्षी आणि संरक्षणाच्या नावाखाली कुंपणात गेलेली भूमी यांतील साम्य कवितेतून उलगडते. ‘हुआन मालो’ या लोककथांतील चतुर पात्राच्या नावाने लिहिलेल्या उपहासात्मक रचनाही याच पुस्तकात आहेत. गुआमच्या आहारात युद्धोत्तर काळात रुजलेले ‘स्पॅम’ हे डबाबंद मांस त्यांत विनोदाचा व टीकेचा विषय होते. या पुस्तकाला २०१५ चा अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाला.

[लुकाव] (२०१७)

‘लुकाव’ म्हणजे मिरवणूक. चामोरू उत्पत्तिकथेनुसार पुन्तान आणि फुउना या भावंडांपासून सृष्टी निर्माण झाली. पुन्तानच्या देहापासून फुउनाने आकाश, पृथ्वी, सूर्य आणि चंद्र घडविले. त्यानंतर ती स्वतः शिळा झाली आणि त्या शिळेतून मानव जन्माला आला. गुआमच्या दक्षिण किनाऱ्यावरील फोउहा उपसागरातील खडक म्हणजेच ही शिळा मानतात. तेथे पूर्वी निघणाऱ्या मिरवणुकीची परंपरा अलीकडच्या काळात पुन्हा सुरू झाली. पेरेझ यांनी या कथेची सांगड आपल्या कन्येच्या जन्माशी घातली आहे. पुस्तकातील ‘काव्यनकाशे’ विमानमार्ग, लष्करी तळ आणि स्थलांतर यांसारख्या घटकांना दृश्य रूप देतात.

[आमोत] (२०२३)

‘आमोत’ म्हणजे औषध. चामोरू परंपरेत वनौषधींचे ज्ञान असणाऱ्या वैदूंना ‘योआमते’ म्हणतात. वनस्पती तोडण्यापूर्वी पूर्वजांची परवानगी मागण्याची रीत या परंपरेत आहे. लष्करी कुंपणामुळे जंगलात जाण्यावर आलेली बंधने, आजारपण, आजी-आजोबांच्या आठवणी आणि भाषेची उपचारक शक्ती हे या पुस्तकाचे विषय आहेत. याच पुस्तकासाठी पेरेझ यांना राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. काव्यविभागात हा पुरस्कार मिळविणारे ते पहिले चामोरू कवी ठरले.

संशोधनकार्य

गायनपरंपरा आणि आधुनिक कविता

चामोरू साहित्य अलीकडचे आणि म्हणून परंपराहीन आहे, या समजाचे खंडन हा पेरेझ यांच्या संशोधनाचा आरंभबिंदू आहे. ‘कान्तान चामोरिता’ ही चामोरू लोकगायनाची परंपरा त्यांनी आपल्या एका निबंधात अभ्यासली. या गायनप्रकारात एक गायक चार ओळींचे कडवे उत्स्फूर्तपणे रचून गातो आणि दुसरा त्याला तशाच कडव्याने उत्तर देतो. काम करताना, प्रेमप्रसंगी किंवा थट्टामस्करीत ही गाणी गायिली जात. अनेक आवाजांची देवघेव, पुनरुक्ती आणि उत्स्फूर्तता ही या परंपरेची वैशिष्ट्ये आहेत, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या चामोरू कवींच्या रचनांतही ती आढळतात, असे प्रतिपादन पेरेझ करतात. रचनेची भाषा बदलली तरी रचनेची रीत टिकू शकते, हा या निबंधाचा निष्कर्ष आहे.

‘टेरिपेलागो’ ही संकल्पना

२०१५ मध्ये ‘अमेरिकन क्वार्टर्ली’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात पेरेझ यांनी ‘टेरिपेलागो’ ही संज्ञा मांडली. प्रदेश आणि समुद्र या अर्थांच्या दोन शब्दांपासून ती तयार केली आहे. अमेरिका हा केवळ एका खंडावरील सलग देश नाही. बेटे, लष्करी तळ, सागरी क्षेत्रे आणि आदिवासींसाठी राखीव भूमी अशा तुकड्यांचा तो विखुरलेला समूह आहे, असा या संज्ञेचा आशय आहे. अमेरिकाविषयक अभ्यासात गुआमसारखे प्रदेश तळटीपेत जातात. पेरेझ यांनी तळटीपेतील या प्रदेशांपासून सुरुवात करून संपूर्ण देशाचा नकाशा नव्याने वाचण्याचा प्रयत्न केला.

मार्गवाचन

पेरेझ यांचा ‘नॅव्हिगेटिंग चामोरू पोएट्री’ हा समीक्षाग्रंथ २०२२ मध्ये ॲरिझोना विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने प्रसिद्ध केला. गुआममधील चामोरू कवितेचा हा ग्रंथरूप अभ्यास आहे. त्यात त्यांनी ‘मार्गवाचन’ असे मराठीत म्हणता येईल अशी वाचनपद्धती मांडली. तारे, लाटा, वारा आणि पक्षी यांच्या खुणांवरून दिशा ओळखणाऱ्या पॅसिफिक नाविकांच्या विद्येवर ती बेतलेली आहे. कवितेचा एकच अंतिम अर्थ शोधण्यापेक्षा तिच्यातील खुणांच्या आधारे इतिहास, भूगोल आणि संस्कृती यांतून प्रवास करणे, असे तिचे स्वरूप आहे.

या मांडणीवर कॅरोलाइन बेटांतील ‘एताक’ या नौकानयन-संकल्पनेची छाप आहे. एताक पद्धतीत नाविक आपली नौका स्थिर असून बेटेच सरकत आहेत, असे कल्पून अंतर मोजतो. विसेन्ते दियास या संशोधकांनी ही संकल्पना सांस्कृतिक सिद्धांतात आणली होती. बेटे सरकतात, असे मानले तर बेटाबाहेर राहणारा चामोरू माणूस आपल्या मुळापासून तुटला आहे, असे म्हणता येत नाही.

अस्मितेविषयी भूमिका

चामोरू अस्मितेसंबंधीच्या लेखनात ‘ऱ्हासाचे कथन’ दीर्घकाळ प्रभावी होते. स्पॅनिश काळातील संहार, धर्मांतर आणि आंतरवांशिक विवाह यांमुळे खरे चामोरू लोक संपले व उरलेला समाज संमिश्र आहे, असे अनेक बाह्य लेखकांनी लिहिले. विसेन्ते दियास यांनी १९९४ च्या एका निबंधात या कथनाची चिकित्सा केली. रॉबर्ट अंडरवुड, लॉरा सूडर, ॲन पेरेझ हत्तोरी, कीथ कामाचो आणि मायकेल लुहान बेव्हाक्वा यांसारख्या चामोरू अभ्यासकांनीही शिक्षण, स्त्रीजीवन, आरोग्य, युद्धस्मृती आणि राजकीय स्थिती या विषयांवरील संशोधनातून त्याला पर्यायी मांडणी केली. पेरेझ यांचे कार्य याच परंपरेतील असून त्यांनी ही चर्चा कवितेच्या क्षेत्रात नेली.

रक्ताची शुद्धता, भाषेवरील प्रभुत्व किंवा बेटावरील वास्तव्य यांपैकी कोणताही एकच निकष त्यांना पुरेसा वाटत नाही. त्यांच्या कवितांत चामोरू शब्द वारंवार येतात. काही ठिकाणी त्यांचे अर्थ जवळच दिलेले असतात, तर काही ठिकाणी वाचकाला ते पुढच्या पानांवर शोधावे लागतात. भाषा येत असल्याचा दावा करण्याऐवजी भाषा पुन्हा शिकण्याची प्रक्रियाच ते कवितेत आणतात. कॅथलिक प्रार्थना, स्पॅनिश आडनावे आणि अमेरिकी खाद्यपदार्थ यांनाही ते अस्मितेबाहेर काढत नाहीत. वसाहतीतून आलेल्या या गोष्टी लोकांनी कशा आपल्याशा केल्या आणि त्यांची कोणती किंमत मोजली, हे दोन्ही त्यांच्या लेखनात येते.

या चर्चेला कायदेशीर बाजूही आहे. गुआमच्या भावी राजकीय स्थितीविषयी सार्वमत घ्यावे आणि त्यात १९५० च्या कायद्याने नागरिकत्व मिळालेले ‘मूळ रहिवासी’ व त्यांचे वंशज यांनीच मत द्यावे, अशी तरतूद बेटाच्या विधिमंडळाने केली होती. ही अट वांशिक भेदभावाची असल्याचा निर्णय संघीय न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आणि अपील न्यायालयाने २०१९ मध्ये तो कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रकरण ऐकण्यास नकार दिला. वसाहतीतील कोणाला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला. अशा परिस्थितीत ‘चामोरू कोण’ या प्रश्नाचे उत्तर केवळ सांस्कृतिक राहत नाही. त्यावर मतदानाचा हक्क आणि बेटाचे भवितव्य अवलंबून असते.

संपादन आणि प्रकाशन

पेरेझ यांनी बर्कली परिसरात जेनिफर रायमर यांच्यासह ‘आचिओते प्रेस’ ही लघुप्रकाशन संस्था स्थापन केली. पुढे हवाई येथे कवयित्री ब्रँडी नालानी मॅकडूगल यांच्यासह ‘आला प्रेस’ सुरू केले. पॅसिफिक बेटांतील लेखकांचे साहित्य प्रसिद्ध करणे हा आला प्रेसचा उद्देश होता. एव्हलिन फ्लोरेस आणि एमेलिहतेर किहलेंग यांनी संपादित केलेला ‘इंडिजिनस लिटरेचर्स फ्रॉम मायक्रोनेशिया’ हा २०१९ चा संग्रह हवाई विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने काढला. पॅसिफिक साहित्याच्या संकलनांत मायक्रोनेशियाला पॉलिनेशियाच्या तुलनेत फार कमी जागा मिळत असे. असे प्रकाशनकार्य ती उणीव भरून काढण्यास उपयुक्त ठरले आहे.

समीक्षा आणि मूल्यमापन

पेरेझ यांच्या पहिल्या पुस्तकांची विद्यापीठीय समीक्षेने लवकर दखल घेतली. पॉल लाय यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ‘असमाविष्ट’ या कायदेशीर स्थितीतील विरोधाभास आणि कवितेची खंडित रचना यांतील संबंध तपासला. ह्सुआन ह्सू यांनी २०१२ मध्ये अमेरिकी पॅसिफिकमधील साहित्याच्या उदयाच्या संदर्भात या मालिकेचा विचार केला. पर्यावरणीय समीक्षा, आदिवासी अध्ययन आणि द्वीपसमूह-अध्ययन या क्षेत्रांत त्यांची पुस्तके अभ्यासली जातात.

त्यांच्या रचना सहज वाचता येण्याजोग्या नाहीत. विखुरलेले शब्द, निरनिराळ्या भाषा, खोडलेला मजकूर, कागदपत्रांतील उतारे आणि अनेक पुस्तकांत चालणाऱ्या कवितामाला यांमुळे वाचकाकडून परिश्रमाची अपेक्षा असते. उत्तरकालीन पुस्तकांत मात्र थेट, कथनात्मक आणि विनोदी रचनांचे प्रमाण वाढलेले दिसते. ‘हॅबिटॅट थ्रेशोल्ड’ (२०२०) या मालिकेबाहेरील संग्रहात हवामानबदल, प्राणिसृष्टीचा नाश आणि पालकत्व या विषयांवरील तुलनेने सुबोध कविता आहेत.

चामोरू साहित्याचा विस्तार पेरेझ यांच्यापुरता मर्यादित नाही. क्रिस पेरेझ हॉवर्ड यांचे ‘मारिकीता’ हे युद्धकाळावरील कथन १९८० च्या दशकातच प्रसिद्ध झाले होते. पीटर ओनेदेरा यांनी चामोरू भाषेत नाटके लिहिली आहेत. लेहुआ ताइतानो यांची कविता आणि विधिज्ञ ज्युलियन अग्वोन यांचे निबंध हेही या साहित्याचे महत्त्वाचे भाग आहेत. या लेखकांना एकत्र वाचण्याची समीक्षात्मक चौकट उभी करणे हे पेरेझ यांच्या संशोधनाचे वेगळेपण आहे.

प्रमुख पुरस्कार आणि सन्मान

गुआम विधिमंडळाचा गौरव ठराव (२०१०)
पेन सेंटर यूएसए काव्य पुरस्कार, [साइना] साठी (२०११)
अमेरिकन बुक अवॉर्ड, [गुमा] साठी (२०१५)
लॅनन साहित्य पाठ्यवृत्ती (२०१६)
राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार, काव्यविभाग, [आमोत] साठी (२०२३)

ग्रंथसंपदा

काव्य
फ्रॉम अनइन्कॉर्पोरेटेड टेरिटरी [हाचा] (२००८)
फ्रॉम अनइन्कॉर्पोरेटेड टेरिटरी [साइना] (२०१०)
फ्रॉम अनइन्कॉर्पोरेटेड टेरिटरी [गुमा] (२०१४)
फ्रॉम अनइन्कॉर्पोरेटेड टेरिटरी [लुकाव] (२०१७)
हॅबिटॅट थ्रेशोल्ड (२०२०)
फ्रॉम अनइन्कॉर्पोरेटेड टेरिटरी [आमोत] (२०२३)

समीक्षा
नॅव्हिगेटिंग चामोरू पोएट्री (२०२२)